पानाची खालची बाजू

(सांगलीत अभियांत्रिकीच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्यांपुढे दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मित्रांनो, आधी जरा हात वर करा. पानाच्या फोटोवरून पिकाचा रोग ओळखायचा, हा प्रकल्प तुमच्यापैकी किंवा तुमच्या सीनियरपैकी कुणीकुणी केलाय? बघा, निम्मं सभागृह. फार बरं झालं, कारण मला आज त्याच प्रकल्पावर बोलायचंय.

तो कसा होतो हे आपल्याला पाठ आहे. प्लांटव्हिलेज नावाचा फोटोंचा संच उतरवून घ्यायचा. १४ पिकांच्या पानांचे ५४,३०६ फोटो, निरोगी आणि रोगट धरून ३८ गट. एक तयार मॉडेल, म्हणजे फोटोंवरून गट ओळखायला शिकणारा प्रोग्राम, घ्यायचं, रात्रभर ट्रेनिंगला लावायचं. सकाळी अचूकता ९८ टक्के. रिपोर्ट बाइंडिंगला जातो, व्हायवा होते, मार्क मिळतात आणि फोल्डर झिप होऊन पडून राहतं.

काही वर्षांपूर्वी तिसऱ्या वर्षाची तीन मुलं हाच प्रकल्प घेऊन माझ्याकडे आली. त्यातली एक तासगाव तालुक्यातली, घरची द्राक्षबाग. मी म्हटलं, रविवारी तुमच्या बागेत जाऊ आणि तिथंच मॉडेल चालवून बघू. ऑक्टोबर छाटणी होऊन महिना झाला होता, दोन दिवस ढगाळ हवा आणि मधूनच पाऊस. बागायतदाराची झोप उडते ते हेच दिवस. मुलांनी वेलीवरच्या पानाचा फोटो काढला. मॉडेलनं पान द्राक्षाचं आहे हेसुद्धा ओळखलं नाही, भलत्याच पिकाचा रोग सांगितला. दुसरं पान, तिसरं पान, तीच गत. मुलीचे वडील मागं उभे होते. ते म्हणाले, "पोरांनो, वरनं काय बघताय? पान उलटं करा की."

पान उलटलं. वरच्या बाजूला नुसता तेलकट पिवळसर डाग दिसत होता, त्याच्या बरोबर खाली पांढरी बुरशी आली होती. दावण्या, म्हणजे डाउनी मिल्ड्यू. अख्ख्या तालुक्यातल्या माणसाला जी गोष्ट उपजत ठाऊक असते, ती आमच्या ५४ हजार फोटोंत नव्हती.

तिथंच बांधावर बसून आम्ही गटांची यादी पुन्हा वाचली. द्राक्षाचे चार गट: काळी कूज, एस्का, पानांवरचा एक करपा आणि निरोगी पान. दावण्या नाही, भुरी नाही. आपल्याकडच्या बागायतदाराचे सगळ्यात जास्त पैसे ज्या दोन रोगांवरच्या फवारणीत जातात, ते दोन्ही यादीत नाहीत. शिवाय त्या संचातली पानं खुडून, एकेक करून, साध्या कागदासारख्या पार्श्वभूमीवर ठेवून टिपलेली आहेत. आमच्यासमोरच्या पानांवर फवारलेल्या बोर्डो मिश्रणाचे (मोरचूद आणि चुना) निळसर शिंतोडे होते, मागं तारा होत्या, दुसरी पानं होती, ऊन-सावली होती.

मुलांचे चेहरे उतरले. मला मात्र मनापासून आनंद झाला होता. त्या सकाळपर्यंत त्यांच्याकडे एक प्रकल्प होता. आता एक प्रश्न हाताला लागला होता, आणि त्याचं उत्तर त्यांना, मला किंवा गूगललाही आयतं माहीत नव्हतं. संशोधन म्हणतात ते इथून सुरू होतं.

परत आल्यावर आम्ही प्लांटव्हिलेजवर मॉडेल शिकवणारा मूळ पेपर वाचला. तो २०१६ सालचा आहे. त्यातला ९९.३५ टक्के हा आकडा सगळे रिपोर्टात उतरवतात. पण त्याच पेपरात लेखकांनी स्वच्छ लिहिलंय, की वेगळ्या परिस्थितीत काढलेल्या फोटोंवर हेच मॉडेल चालवल्यावर अचूकता ३१ टक्क्यांच्या आसपास आली. इतक्या प्रकल्पांनी हा पेपर संदर्भात घातला, त्यांतल्या किती जणांनी तो शेवटपर्यंत वाचला असेल?

२०२२ मध्ये आणखी एक छोटा, देखणा प्रयोग प्रसिद्ध झाला. त्या संशोधकानं प्लांटव्हिलेजच्या प्रत्येक फोटोतून पानाला हात न लावता पार्श्वभूमीचे फक्त ८ पिक्सेल घेतले आणि तेवढ्यावर मॉडेल शिकवलं. ३८ गटांत डोळे झाकून अंदाज मारला तर २.६ टक्के बरोबर येतात. या ८ पिक्सेलवर ४९ टक्के आले! म्हणजे कुठल्या गटाचे फोटो कुठल्या कागदावर, कुठल्या उजेडात काढले, याचा वास मॉडेलला लागत होता. पान न बघता निम्मे रोग ओळखले जात असतील, तर पान बघून आलेल्या ९९ मधले खरे किती? या प्रयोगाला महागडं जीपीयू, म्हणजे मोठी मॉडेलं शिकवायला लागणारं ताकदवान ग्राफिक्स कार्ड, लागत नाही. तुमच्या लॅबमधल्या पीसीवर तो करता येईल. लागते ती शंका, आणि ती शंका वीस वर्षांच्या मुलाला येऊ शकते.

त्या तिघांनी पुढचे दोन महिने सुट्टीचे दिवस बागांत काढले. प्रत्येक पानाचे दोन फोटो, वरून आणि खालून. रोगाचं नाव द्राक्षातल्या जाणकार माणसाकडून तपासून घेतलेलं. या फोटोंवर शिकवलेलं मॉडेल पहिल्यांदा झकास चाललं. मग मी विचारलं, ट्रेनिंगचे आणि टेस्टचे फोटो कसे वेगळे केले? म्हणाले, सरमिसळ करून. म्हणजे एकाच वेलीचं एक पान शिकवायला आणि शेजारचं पान परीक्षेला. पेपर फुटल्यासारखंच झालं. मग बागेनुसार विभागणी केली. काही बागा फक्त शिकवायला ठेवल्या, आणि ज्या मॉडेलनं कधी पाहिल्याच नाहीत त्या परीक्षेला. आकडा धाडकन खाली आला. ती मुलगी रडवेली होऊन म्हणाली, "सर, सगळं बिघडलं." मी म्हटलं, "बाळा, आजवर तू मला दाखवलेल्या आकड्यांपैकी माझा विश्वास बसलेला हा पहिला आकडा आहे." ती आज पीएचडी करते. तिच्या बरोबरचा एक जण पुण्यात नोकरीला आहे. तिथं दुसऱ्यांच्या मॉडेलमधली असली फुटलेली परीक्षा शोधून काढणं हेच त्याचं काम आहे, आणि ते त्याला मनापासून आवडतं.

आता तुमच्या मनातलं बोलतो. "सर, हे आयआयटीवाल्यांचं काम." मी विद्यार्थी असताना हेच वाक्य मला एका शिक्षकांनी ऐकवलं होतं, आणि त्यापायी माझी दोन वर्षं गेली. म्हणून तुम्हाला दोन उदाहरणं देतो. दिलेली संख्या मूळ आहे की नाही, हे झटपट आणि खात्रीनं ठरवणारी पद्धत अस्तित्वात आहे का, हा प्रश्न गणितात फार जुना. २००२ च्या ऑगस्टमध्ये कानपूरहून त्याचं उत्तर आलं. मणींद्र अग्रवाल आणि त्यांचे दोन विद्यार्थी, नीरज कयाल आणि नितीन सक्सेना. हे दोघं त्याच वर्षी बी.टेक. झाले होते आणि त्यांचं कामही बी.टेक.च्या प्रकल्पातूनच वाढलं होतं. २००६ मध्ये तिघांना सैद्धांतिक संगणकशास्त्रातलं मानाचं गोडेल पारितोषिक मिळालं. कानपूर तर आयआयटीच, असं म्हणाल. मग पुण्याला या. मराठी ट्विटमधला सूर ओळखण्यासाठी सुमारे १६ हजार ट्विटचा महासेंट नावाचा संच २०२१ मध्ये एलथ्रीक्यूब या गटानं खुला केला. त्याच्या लेखकांत पुण्याच्या पीआयसीटी या अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकणारी, पदवीची मुलं आहेत. तुमच्याच वयाची. त्यांच्यापाशी एक मार्गदर्शक होता आणि आपली भाषा होती.

भाषेवरून आठवलं. मोबाईलला पुस्तकी मराठी बऱ्यापैकी कळते. आटपाडीच्या किंवा जतच्या आजीला मोबाईलशी तिच्या बोलीत बोलायला लावा आणि पडद्यावर काय उमटतं ते बघा. जिथं गडबड होईल ते वहीत लिहा. मात्र आवाज रेकॉर्ड करण्याआधी त्या माणसाला नीट समजावून सांगा आणि परवानगी घ्या.

प्रत्यक्षात काय करायचं? उन्हाळी इंटर्नशिप. देशातल्या तीन विज्ञान अकादमी मिळून दोन महिन्यांची उन्हाळी फेलोशिप देतात, मुंबईच्या टीआयएफआर या संशोधन संस्थेचा व्हीएसआरपी हा उन्हाळी कार्यक्रम आहे, बऱ्याच आयआयटींचे आपापले कार्यक्रम आहेत. यांचे अर्ज हिवाळ्यातच भरायचे असतात. मे महिन्यात जागे होऊ नका. प्राध्यापकांना मेल लिहाल, तर "मला आपल्या विषयात अत्यंत रस आहे" हे वाक्य गाळा. ते वाक्य त्यांना रोज येतं. त्यांचा एक पेपर घ्या, त्यातला एकच तक्ता स्वतः कोड लिहून काढून बघा आणि चार ओळींत कळवा: हे जुळलं, हे जुळलं नाही, माझं कुठं चुकतंय? अशा मेलला उत्तर येण्याची आशा कितीतरी जास्त.

आणि एक गोष्ट कळकळीनं सांगतो. पैसे भरा, आठवड्यात पेपर छापून देतो, असं म्हणणाऱ्यांच्या वाटेला जाऊ नका. तिथं तुमचं काम कुणी वाचत नाही, चूक दाखवत नाही. चूक दाखवणारा वाचक मिळावा म्हणून तर पेपर लिहायचा. आईवडिलांनी कष्टानं पाठवलेले दोन-चार हजार त्यात घालू नका.

आईवडिलांचा विषय निघालाच आहे. "अजून शिकणार? मग कमावणार कधी?" हा प्रश्न घरी येणारच, आणि तो रास्त आहे. त्यांना आकडे सांगा. संशोधन प्रकल्पात जेआरएफ (ज्युनियर रिसर्च फेलो) म्हणून लागलात, तर केंद्राचा दर जानेवारी २०२३ पासून महिना ३७ हजार आहे, वर घरभाडं. बेंगळुरूला मायक्रोसॉफ्ट रिसर्चची प्रयोगशाळा २००५ पासून आहे. तिथं नुकतीच पदवी झालेल्यांना एक-दोन वर्षं फेलो म्हणून घेतात, पीएचडीला जायचं की नाही ते त्या काळात ठरवता येतं. पुण्यात सरकारची संगणक संशोधन संस्था सीडॅक आहे, टाटांचं टीआरडीडीसी हे संशोधन केंद्र १९८१ पासून आहे. नोकरीच करायची असेल तर खुशाल करा. फक्त एक उन्हाळा तरी हे काम हातानं करून मग ठरवा.

समोर बसलेल्या सर-मॅडमना एक विनंती. दर वर्षी नव्या बॅचला नवा विषय देण्याऐवजी एक चांगला प्रश्न तीन वर्षं चालू ठेवा. आधीच्या बॅचची वही, डेटा आणि फसलेले प्रयोग पुढच्या बॅचच्या हातात द्या. दर जुलैला शून्यापासून सुरू करून मुलं खोलात जाणार तरी कधी?

यंदा छाटणीनंतर ढगाळ हवा धरली की आम्ही पुन्हा बागांत जाणार आहोत. पहाटे साडेपाचला सांगली स्टँडवर जमायचं, म्हणजे दव वाळायच्या आत पोचता येईल. यायचं असेल त्यांनी दाराशी ठेवलेल्या वहीत नाव लिहा. मोबाईल चार्ज करून आणा, एक वही-पेन आणा. पानामागं धरायला कागद आणू नका.