न बदलणारा वेग

(सांगलीत विद्यार्थी आणि पालकांसमोर दिलेल्या व्याख्यानाचे संपादित रूप)

मंडळी, कृष्णेतल्या होड्यांच्या शर्यती तुम्ही पाहिल्या असतील. होडी प्रवाहाबरोबर निघाली की काठावरून दिसणारा तिचा वेग म्हणजे वल्ह्यांचा वेग अधिक पाण्याचा वेग. ही बेरीज कुणाला शिकवावी लागत नाही. आज मला तीच तपासायची आहे, कारण ती तंतोतंत खरी नाही.

१८५१ साली फ्रान्समध्ये भौतिकशास्त्रज्ञ फिझो यांनी पाण्याच्या प्रवाहात प्रकाश सोडला. नळ्यांमधून सेकंदाला सुमारे सात मीटर वेगाने पाणी वाहत होते. एक किरण प्रवाहाबरोबर गेला, दुसरा प्रवाहाविरुद्ध, आणि मग दोन्ही पुन्हा एकत्र आणले. एकत्र आल्यावर काळे-उजळ पट्टे उमटतात. दोन्ही किरणांच्या वेगांत फरक पडला की ते पट्टे सरकतात. तसे ते सरकलेही, पण अपेक्षेपेक्षा कमी. पाण्याच्या सात मीटरपैकी प्रकाशाच्या पदरात पडले जेमतेम तीन!

हा आकडा भौतिकशास्त्रज्ञ फ्रेनेल यांनी १८१८ सालीच वर्तवला होता. त्यासाठी पाणी ईथरला, म्हणजे प्रकाशलहरी ज्यातून जातात असे तेव्हा मानत त्या अदृश्य माध्यमाला, अर्धवट ओढून नेते असे मानावे लागे. किती ओढायचे ते ठरे अपवर्तनांकावरून, म्हणजे पाण्यात प्रकाश किती मंदावतो ते सांगणाऱ्या संख्येवरून. पण पाण्याचा अपवर्तनांक रंगागणिक थोडा वेगळा असतो. मग एकाच नळीतला ईथर लाल प्रकाशासाठी एका प्रमाणात ओढला जाणार आणि निळ्यासाठी दुसऱ्या? हे काही पटण्यासारखे नव्हते.

१९०५ साली आईनस्टाइननी वेगांच्या बेरजेचा नवा नियम दिला. दोन वेग मिळवायचे आणि त्या बेरजेला एका संख्येने भागायचे. ती संख्या अशी: दोन्ही वेगांचा गुणाकार करा, त्याला पोकळीतल्या प्रकाशवेगाच्या वर्गाने भागा, आणि त्यात एक मिळवा. बारावीच्या मुलांनी हे वहीत जरूर मांडावे. पाण्यातला प्रकाशवेग सेकंदाला सव्वादोन लाख किलोमीटर, पाण्याचा सात मीटर. उत्तरात प्रकाशाला मिळालेली भर तीन मीटरच निघते. १९०७ साली भौतिकशास्त्रज्ञ लाउए यांनी हेच दाखवले. ईथरची गरजच उरली नाही.

आता त्याच नियमात पहिला वेग पोकळीतल्या प्रकाशाचा, सेकंदाला २,९९,७९२.४५८ किलोमीटर, घाला. दुसरा कितीही घ्या, उत्तर पुन्हा तेवढेच येते.

इथे जरा थांबूया, कारण मला सांगायचे आहे ते हेच. पाण्यातला प्रकाशही प्रकाशच आहे, तरी त्याचा वेग निरीक्षकागणिक बदलतो. म्हणजे न बदलण्याचा गुण प्रकाशाकडून आलेला नाही. तो त्या एका वेगाचा आहे, आणि तो वेग अवकाश आणि काळ यांच्या रचनेतच आहे.

भौतिकशास्त्रज्ञ इग्नातोव्स्की यांनी १९१० साली प्रकाशाचा आधार न घेता या नियमांपर्यंत जायची वाट दाखवली. एकसमान गतीने जाणाऱ्या सगळ्यांना निसर्गनियम सारखेच, आणि अवकाश सर्व दिशांना सारखे, असे काही धरले की गणितातून सर्वांना सारखा दिसणारा एक वेग निघतो. तो अनंत असेल तर आपली होडीची साधी बेरीज अचूक ठरते. मर्यादित असेल तर आईनस्टाइनची. यांतले कोणते खरे, ते मात्र प्रयोगालाच विचारावे लागते.

१७ ऑगस्ट २०१७ रोजी दोन न्यूट्रॉन ताऱ्यांच्या टकरीतून निघालेल्या गुरुत्वीय लहरी, म्हणजे अवकाशातच उठणारे तरंग, पृथ्वीवर टिपल्या गेल्या. सुमारे १३ कोटी प्रकाशवर्षांचा प्रवास, आणि त्याच टकरीतले गॅमा किरण, म्हणजे प्रकाशाचाच एक प्रकार, त्यांच्यामागून अवघ्या १.७ सेकंदांनी पोहोचले. गुरुत्वाकर्षणाच्या लहरी म्हणजे प्रकाश नव्हे, तरी त्याही त्याच वेगाने आल्या.