फ्लायव्हीलमागची गळती

गाडी रात्रभर उभी होती. सकाळी तिच्याखाली हिरवट पाण्याचे थेंब दिसतात, नेमके इंजिन आणि गिअरबॉक्स जुळतात त्या सांध्याखाली. रेडिएटर कोरडा, होजपाइप कोरडे, वॉटर पंपही कोरडा. पंधरा-वीस वर्षं चाललेल्या, पुढची चाकं ओढणाऱ्या छोट्या पेट्रोल गाडीत अशा वेळी संशय जातो कोअर प्लगवर.

इंजिनचा ब्लॉक ओतताना पाण्याच्या वाटा पोकळ राहाव्यात म्हणून साच्यात वाळूचे गाभे ठेवतात. ती वाळू बाहेर काढण्याची भोकं नंतर पत्र्याच्या, वाटीच्या आकाराच्या चकत्या ठोकून बंद करतात. याच चकत्या म्हणजे कोअर प्लग. बहुतेक चकत्या ब्लॉकच्या बाजूला असतात. काही इंजिनांत मात्र एक ब्लॉकच्या टोकाला, फ्लायव्हीलच्या (इंजिनच्या टोकाला फिरणाऱ्या जड चाकाच्या) मागे असते.

चकती पोलादी असते आणि ती आतून गंजते. आपल्याकडे पातळी उतरली की नळाचं नाहीतर बोअरचं पाणी ओततात. त्यामुळे कूलंटमधली गंजरोधक द्रव्यं पातळ होत जातात आणि पाण्यातले क्षार भर घालतात. "आपल्याकडे पाणी गोठत नाही, कूलंट कशाला?" हा समजच गाड्या खातो. जिथे पाणी कधीच गोठत नाही, तिथेही गंज टाळण्यासाठी ३० टक्के इथिलीन ग्लायकॉल (कूलंटमधला मुख्य द्रव) घाला, असं सुझुकीची सर्व्हिस मॅन्युअल्स सांगतात.

गिअरबॉक्स उतरवण्याआधी खात्री हवीच. इंजिन थंड असताना रेडिएटरवर प्रेशर टेस्टर लावा. कॅपवर लिहिला असेल तेवढाच दाब द्या, उदाहरणार्थ ०.९ बार. काटा उतरू लागला आणि बेल हाउसिंगच्या (गिअरबॉक्सच्या इंजिनला जोडणाऱ्या आवरणाच्या) तळाशी थेंब आला, तर तो भांडंभर पाण्यात सोडा. विरघळला तर कूलंट. तरंगला तर ते तेल आहे, आणि मग मागचं क्रँक ऑइल सील तपासायचं.

रेडिएटरमध्ये हळद टाकणं किंवा गळती बंद करणारी पावडर ओतणं, हे घरी पोहोचण्यापुरतं ठीक. तोच गाळ पुढे रेडिएटरच्या बारीक नळ्या बुजवतो.

आता बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडा आणि कूलंट काढा. गिअर ऑइलही आधीच काढा, नाहीतर अ‍ॅक्सल ओढताना सगळं अंगावर येतं. इंजिनला वरून आधार द्या, मगच गिअरबॉक्स खाली घ्या. क्लच आणि फ्लायव्हील उतरवण्यापूर्वी दोन्हींवर खूण करा.

चकतीच्या मधोमध घाव घालू नका. ती आत पडली, तर पाण्याच्या वाटेतून शोधून काढावी लागते, आणि काही इंजिनांत मागे लगेच सिलिंडरची भिंत असते. एका कडेवर बोथट पंचने हलका ठोका द्या. चकती आडवी फिरते, पकडीने बाहेर ओढता येते.

खरं काम आहे भोक साफ करण्याचं. बारीक पॉलिश पेपरने गंज काढा, चरा उरू देऊ नका. व्हर्निअरने भोकाचंच माप घ्या. जुन्या चकतीचं नको, तिची कड गंजलेली असते. नवी चकती पितळी मिळाली तर उत्तम. कडेला सीलंटचा पातळ थर लावा आणि चकतीच्या आतल्या व्यासाहून किंचित लहान बॉक्स (सॉकेट) वापरून ती सरळ ठोका. कड भोकाच्या तोंडापासून सुमारे १ मिलीमीटर आत गेली की थांबा. तिरकी बसली तर काढून टाका आणि दुसरी घ्या. ठोकून सरळ केलेली चकती पुन्हा गळते.

गिअरबॉक्स खाली आहे तोवर मागचं ऑइल सील बदला आणि कूलंटने भिजलेली क्लच प्लेटही. पोहोचता येतील त्या बाकीच्या चकत्याही याच वेळी, कारण त्यांनीही तेवढीच वर्षं तेच पाणी प्यायलंय.

सीलंट वाळल्यावर, गिअरबॉक्स चढवण्याआधी कूलंट भरून पुन्हा दाब द्या. ही पायरी टाळणाऱ्यांना गिअरबॉक्स दुसऱ्यांदा उतरवावा लागतो. कूलंटमध्ये मिसळायला डीमिनरलाइज्ड (क्षार काढलेलं) पाणीच वापरा आणि हीटर गरमवर ठेवा. सगळी जोडणी झाली की कॅप उघडी ठेवून इंजिन चालवा. वरचा होज तापून बुडबुडे थांबले की हवा गेली असं समजा.

जुना कूलंट कॅनमध्ये बंद करा. तो गोड लागतो, आणि कुत्र्या-मांजरांसाठी जीवघेणा आहे.

पुढचे काही दिवस पातळी थंड इंजिनवर बघा. बेल हाउसिंग कोरडं असूनही ती उतरत राहिली, तर हेड गॅस्केटची (इंजिनचं हेड आणि ब्लॉक यांच्यामधल्या सीलची) तपासणी करून घ्या.