मागं जाणारं चित्र

व्हिडिओ संकलनाच्या सॉफ्टवेअरमध्ये शॉट ओळीनं मांडलेली पट्टी म्हणजे टाइमलाइन. तिच्यावरची ही उभी बारीक रेघ म्हणजे प्लेहेड. ती जिथं उभी, तिथली फ्रेम, म्हणजे व्हिडिओतलं एक स्थिर चित्र, मॉनिटरवर. संकलकाचा बहुतेक दिवस या रेघेला पुढं-मागं नेण्यात जातो. प्रत्यक्ष कापाकापीला त्या मानानं फार थोडा वेळ लागतो.

सेकंदाला 25 फ्रेम धरल्या, तर तासाभराच्या फुटेजमध्ये 90 हजार फ्रेम होतात. आपल्याला त्यांतली एकच हवी आहे. मान वर झालीय, पण ओठ अजून उघडले नाहीत, ती. माउसनं ती शोधून बघा. 1920 पिक्सेल रुंदीच्या पडद्यावर अख्खा तास पसरला, तर एकेका पिक्सेलमागं सुमारे 47 फ्रेम दडलेल्या असतात. हात जरासा हलला, की दोन सेकंद निसटले.

म्हणून बोटं जे, के, एल या शेजारच्या तीन बटणांवर येतात. एल दाबलं की चित्र पुढं, जे दाबलं की मागं, के दाबलं की थांबलं. एल पुन्हा दाबलं की वेग वाढतो. के धरून ठेवून एल दाबलं, की चित्र संथ सरकतं आणि आवाजही त्याच्यासोबत ताणला जातो. बोलण्याआधी घेतलेला श्वास इथं सापडतो, आणि कट बहुतेकदा त्या श्वासापाशीच असतो. शेवटची एक-दोन फ्रेमची सरकासरक बाणाच्या बटणांनी.

फिल्मच्या जमान्यात हे काम मूव्हिओलावर चालायचं. 1924 मध्ये आलेलं हे यंत्र पायाच्या पेडलनं चालवत. 35 मिलिमीटरच्या एक फूट फिल्मवर 16 फ्रेम, प्रत्येक फ्रेम म्हणजे एक पूर्ण छायाचित्र. त्यामुळं फिल्म उलटी फिरवणं सुलटी फिरवण्याइतकंच सहज होतं.

आजच्या बऱ्याच कॅमेऱ्यांच्या फाइलमध्ये तसं नसतं. जागा वाचावी म्हणून अधूनमधून एखादीच फ्रेम पूर्ण साठवतात. बाकीच्या फ्रेममध्ये फक्त आजूबाजूच्या फ्रेमपेक्षा काय बदललं, एवढीच नोंद. पुढं जाताना ही नोंद ओळीनं उलगडत जाते. पण जे दाबून मागं निघालात, की कॉम्प्युटरला आधीची पूर्ण फ्रेम गाठून तिथून पुन्हा पुढं मोजत यावं लागतं. उलटं जाताना चित्र अडखळतं ते यामुळं. दोष तुमच्या बोटांचा नाही.

उपाय आहे. संकलनासाठी प्रॉक्सी, म्हणजे मूळ फाइलच्या हलक्या प्रती, बनवा, किंवा प्रोरेस, डीएनएक्सएचडी अशा स्वरूपात फाइल बदलून घ्या. त्यांत सहसा प्रत्येक फ्रेम स्वतंत्र असते. तेवढीही सवड नसेल, तर प्रीव्ह्यूचं रेझोल्यूशन निम्मं किंवा पाव करा. फोकस तपासायचा असेल तेव्हाच ते पूर्ण ठेवा. चित्र थोडं धूसर दिसलं तरी चालेल, गळालेल्या फ्रेम मात्र चालणार नाहीत. अडखळत्या चित्रावर ठरवलेला कट नंतर नीट वेगात बघितला, की हमखास लवकर किंवा उशिरा वाटतो.

आता एक शॉट चालू करा. संपला असं वाटेल त्या क्षणी के दाबा. टाइमकोडचे, म्हणजे तास-मिनिट-सेकंद-फ्रेम दाखवणाऱ्या घड्याळाचे, शेवटचे दोन आकडे बघा, ते फ्रेमचे: 14. मागं जा, आकड्याकडं न बघता पुन्हा तेच करा. 15 आलं? मग इथं ओ दाबून आऊट पॉइंट, म्हणजे शॉट संपवायची खूण, लावा. 14 नंतर थेट 22 आलं, तर शॉट आणखी एकदा सुरुवातीपासून बघा.