चिंगीचं परकर-पोलकं

(पडद्यावर: मोबाइलमधली उभी क्लिप. चाळीची गॅलरी, सकाळचं ऊन. पांढरी कुत्री, अंगात हिरव्या खणाचं परकर-पोलकं.)

ही चिंगी. आमच्या घरातली स्पिट्झ, म्हणजे आपण सगळे ज्याला पॉम म्हणतो ती. क्लिप गुढीपाडव्याच्या सकाळची आहे, गिरगाव, खाली शोभायात्रेची गडबड चाललीय, ढोल अजून सुरू व्हायचेत. आणि चिंगीच्या अंगात जे दिसतंय ना, त्याचा खण आईने दादरहून आणलेला, शिवून दिलं आमच्या चाळीखालच्या शिंपीकाकांनी, त्यांनी तर पैसेपण घेतले नाहीत, म्हणाले आपल्याच घरची पोर आहे, तिचे कसले पैसे घ्यायचे.

क्लिप १४ सेकंदांची आहे. त्या दिवशी ती सगळ्या नातेवाइकांच्या ग्रुपवर फिरली, मावशीच्या स्टेटसला लागली, आणि सगळ्यांनी एकच लिहिलं, किती शहाणी आहे, किती शांत बसलीय. मीपण तेच लिहिलं होतं.

मग पुढच्या वर्षी चिंगीच्या वाढदिवसाला जुन्या क्लिप जोडत बसले होते, गाण्यावर बसावी म्हणून ही क्लिप स्लो केली, एकदम हळू, आणि माझा हात तिथेच थांबला. तुम्हीपण बघा माझ्याबरोबर.

(क्लिप संथ गतीने.)

दुसरा सेकंद. जीभ बाहेर येते, नाकाला लागते, परत आत. समोर खायला काहीच नाहीये. चौथा सेकंद, जांभई. झोपून उठून तिला दोन तास झालेत. सहाव्या सेकंदाला मी बाजूने हाक मारते, चिंगी मान वळवत नाही, फक्त डोळे फिरवते, आणि डोळ्याच्या कडेला पांढरी कोर दिसते बघा, एरवी ती कधीच दिसत नाही. नवव्या सेकंदाला उजवा पुढचा पाय जमिनीपासून बोटभर वर, आणि तसाच वर. शेवटी आई कौतुकाने टाळी वाजवते तेव्हा कान मागे चापून बसलेले. शेपटी तर दिसतच नाही. जी शेपटी दिवसभर पाठीवर गोल वळलेली असते ती परकराखाली कुठे आहे, कशी आहे, कुणालाच कळत नाहीये.

कुत्र्यांच्या वागण्याचा अभ्यास करणारे लोक ह्या सगळ्याला ताणाच्या खुणा म्हणतात. एकेकटी खूण म्हणजे काही नाही, झोप आली की कुत्रा जांभई देणारच, पाय भाजला की उचलणारच. पण १४ सेकंदांत पाच खुणा आणि अंग सगळं ताठ, पाठीचा एक केस हलत नाहीये. ती शांत नव्हती हो. ती थिजली होती. आपल्याकडे मराठीत हा शब्द किती नेमका आहे, तूप थिजतं तशी ती जागच्या जागी थिजली होती, आणि आम्ही सहा माणसं तिच्याभोवती उभं राहून तिला शहाणी म्हणत होतो.

कुत्रा वैतागला की भुंकेल, गुरगुरेल, चावेल, अशीच आपली समजूत असते. पण ज्या कुत्र्याचा आपल्यावर जीव आहे तो आधी सांगून बघतो, जिभेने सांगतो, कानाने सांगतो, आणि कुणी ऐकत नाही म्हटल्यावर गप्प होतो. त्या गप्प होण्यालाच आपण हो समजतो.

(पडद्यावर: चिंगी, कपड्यांशिवाय, मोरीजवळच्या गार लादीवर चारही पाय पसरून. धापा.)

आता मुंबईचं ऊन. हे मी जरा सविस्तर सांगणार आहे कारण मला स्वतःला हे माहीत नव्हतं आणि माहीत असतं तर ते पोलकं शिवलंच नसतं.

आपल्याला घाम येतो, सगळ्या अंगाला येतो, वारा लागला की तो वाळतो आणि अंग गार होतं. कुत्र्याच्या घामाच्या ग्रंथी मुख्यतः पंजाच्या गाद्यांमध्ये असतात, डॉक्टरकडच्या स्टीलच्या टेबलावर घाबरलेल्या कुत्र्याचे ओले पंजे उमटतात ते हेच. पण एवढ्याशा घामाने अंग गार होत नाही, त्याचं खरं काम चालतं ते धापा टाकण्यावर, जिभेवरचं आणि श्वासाच्या वाटेतलं पाणी हवेत उडून जातं आणि आतली उष्णता घेऊन जातं. आणि मुंबईच्या हवेत आधीच इतकं दमट असतं की दोरीवरचा टॉवेल संध्याकाळपर्यंत वाळत नाही, मग जिभेवरचं पाणी उडणार कुठे? कुत्र्याचं साधं तापमानच १०१ ते १०२.५ फॅरनहाइट, म्हणजे आपल्याला ताप आलाय असं वाटेल इतकं. ते १०६ च्या आसपास गेलं की उष्माघात, आतले अवयव निकामी व्हायला लागतात. मधलं अंतर साडेतीन-चार डिग्रीचं आहे फक्त.

त्यात स्पिट्झला दुहेरी केस, वर लांब आणि आत लोकरीसारखे. ह्या केसांच्या मधली हवाच तिला थोडंफार उन्हापासून वाचवते, आणि आपण वरून जाड खण आवळला की ते केस दबतात आणि ती सोयच जाते, वर पोटाखालून जो वारा लागायचा तोही बंद. पग आणि शिह त्झूचं तर विचारूच नका. नाक चपटं म्हणजे श्वासाची वाट आधीच अरुंद, नुसतं बसलेलं असतानाही घोरतात ते, आणि पगलाच सगळ्यात जास्त कपडे घातलेले दिसतात मला, शेरवानी, सांताचा ड्रेस, वाढदिवसाला टक्सीडो. ऑक्टोबर हीटमध्ये दिवाळी आली की भर दुपारी फोटोशूट.

चिंगीच्या काखेत त्या दिवशी संध्याकाळी लाल पट्टा उमटलेला. इलॅस्टिकचा. मी त्याला खोबरेल तेल लावलं आणि विसरून गेले, हे आठवलं की आजही गलबलतं.

अजून एक बारीक गोष्ट, टिकल्या, मणी, टिच बटणं. चघळून तुटलं आणि गिळलं की आतड्यात अडकू शकतं, कधी थेट ऑपरेशनपर्यंत जातं. आणि टोपी. टोपीने कान बांधले गेले, झग्याखाली शेपटी गेली, की कुत्र्याची अर्धी बोलीच गेली. शिवाजी पार्कच्या कडेने फिरताना समोरून दुसरा कुत्रा आला तर त्याला काही वाचताच येत नाही, हा चिडलाय का खेळायला आलाय, आणि मग भांडणं लागतात, आणि आपण म्हणतो उगाच अंगावर धावला.

(पडद्यावर: शेजारच्या घरातली मनी, अंगात पिवळं पीतांबर, डोक्यावर मोरपीस. ती उभी राहते आणि एका कुशीवर कलंडते.)

ही शेजारच्या काकूंची मनी. ही क्लिपपण खूप लोकांना आवडली होती, जन्माष्टमीची, काकूंनीच वापरायला दिलीय आणि हा व्हिडिओ बनवतेय ते त्यांना माहीत आहे. मनी पडतेय ती लाडात येऊन नाही. मांजरीच्या अंगाला सगळीकडून काही घट्ट लागलं की पुष्कळ मांजरी अशाच थिजतात, पाय उचलायचा कसा हेच सुचेनासं होतं, काही जमिनीला पोट टेकून सरपटतात, काही अशा कलंडून पडतात. आणि मांजर जागेपणीचा केवढा तरी वेळ स्वतःला चाटण्यात घालवते, तो नखरा नाही, अंग स्वच्छ ठेवणं, गार ठेवणं, स्वतःचा वास परत अंगावर आणणं, सगळं त्यातच. त्यावर कापड चढवलं म्हणजे तिचं रोजचं कामच थांबवलं. मांजरीच्या बाबतीत मला दुसरी बाजू दिसतच नाही. नका घालू.

(पडद्यावर: रिकामी गल्ली, लहान मुलं क्रिकेट खेळतायत.)

ह्याच गल्लीत मी लहान असताना माकडवाला यायचा. डमरू वाजला की आम्ही जिन्यावरून धावत खाली. माकडिणीला लाल फ्रॉक, माकडाला जाकीट, ती सासरी जायला नको म्हणायची, तो काठी घेऊन मागे लागायचा, आम्ही हसायचो. मग तो यायचा बंद झाला. का बंद झाला ते खूप नंतर कळलं. १९९८ मध्ये केंद्र सरकारने अधिसूचना काढली, अस्वल, माकड, वाघ, बिबट्या आणि सिंह ह्यांना खेळ करायला लावायचं नाही, सर्कसवाले कोर्टात गेले आणि २००१ मध्ये सुप्रीम कोर्टाने ती कायम ठेवली. माकडवाल्याच्या घरातली चूल त्यावर चालायची, त्याचं पुढे काय झालं हे आम्ही कुणी विचारलं नाही, तेही मला सलतं. पण तो फ्रॉक आठवला की मला आता माकडिणीच्या गळ्यातली दोरी आधी आठवते.

घरातल्या कुत्र्याला कपडे घालू नका असं कायद्यात कुठे लिहिलेलं नाही. १९६० चा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा विनाकारण वेदना आणि त्रास देण्याबद्दल बोलतो, आणि त्याच्या कलम ११ मध्ये पहिल्या गुन्ह्याला दंड आहे १० ते ५० रुपये. सिनेमात कुत्रा दाखवायचा तर अ‍ॅनिमल वेल्फेअर बोर्डाची परवानगी लागते, गोरेगावला शूटिंगमध्ये काम करणाऱ्यांना हे पक्कं माहीत असतं. घरच्या रीलच्या वेळी मात्र कुणीच विचारणारं नसतं, आपल्यालाच विचारावं लागतं.

(पडद्यावर: सिन्नरजवळचं गाव, पोळा. झूल घातलेली बैलजोडी, रंगवलेली शिंगं.)

हे मी मामाकडे शूट केलं. कारण आईने मला विचारलं होतं, अगं मग पोळ्याला बैलाला सजवतातच की आपल्याकडे, झूल घालतात, बाशिंग बांधतात, घुंगुरमाळा घालतात, ते काय वाईट आहे का? प्रश्न बरोबर होता म्हणून गेले.

आदल्या दिवशी खांदेमळणी. मामा स्वतः बैलाच्या खांद्याला, जिथे जू घासून घट्टा पडलाय तिथे, तूप आणि हळद चोळत होता, सावकाश, अंगठ्याने, आणि बैल मान खाली घालून डोळे अर्धे मिटून उभा. चोळून झाल्यावर त्याच्या कानाजवळ म्हणाला, आज आवतण घ्या, उद्या जेवायला या. दुसऱ्या दिवशी जू नाही, चाबूक नाही, आंघोळ, पुरणपोळी, आणि मग झूल. मिरवणूक झाली, दारात ओवाळलं, आणि झूल लगेच उतरवली. बैलाला झूल आवडते का हे मला नाही सांगता येणार, वेसण नाकात असते, तो बोलणार काय. पण तिथे कापडाच्या आधी खांदा होता. वर्षभर कुठे दुखलं ते बघून, तिथे हात फिरवून मग सजवणं. आम्ही चिंगीला सजवलं तेव्हा तिच्या काखेत काय रुततंय हेसुद्धा बघितलं नव्हतं.

(पडद्यावर: रात्रीचा रस्ता. गाडीचा उजेड पडतो आणि एका भटक्या कुत्र्याच्या गळ्यातला पट्टा चमकतो.)

कपडा म्हटला की वाईटच, असं मी अजिबात म्हणत नाहीये. हा पट्टा बघा, आमच्या कोपऱ्यावरच्या वॉचमनकाकांनी गल्लीतल्या चारही कुत्र्यांना बांधलाय, रात्री गाडीवाल्याला लांबून दिसतो. ऑपरेशननंतर टाके चाटू नयेत म्हणून घालतात तो सूट, जानेवारीतल्या गार पहाटे म्हाताऱ्या, बिनकेसाळ कुत्र्याला स्वेटर, पावसाळ्यात हलका रेनकोट. ह्या कपड्यांचा उपयोग घालणाऱ्यालाच आहे.

आणि काही जण म्हणतील, आमचा टायसन तर कपडा दिसला की शेपटी हलवत येतो. येत असेल. कपडा म्हणजे बाहेर जायचं, गाडीत बसायचं, हे त्याला कळलेलं असतं, आणि काही कुत्र्यांना लहानपणापासून हळूहळू सवय लावली की पातळ बंडाना किंवा साधा टीशर्ट खरंच खुपत नाही. मला एवढंच म्हणायचंय की एकदा त्याला धरू नका. कपडा दोन्ही हातांनी उघडा धरा, खाली बसा आणि थांबा. तो आला तर त्याचं त्याला ठरवू द्या, वास घेऊन निघून गेला तर कपडा घडी करून ठेवा. सणाला फोटो हवा असेल तर बाजूला गुढी आहे, कंदील आहे, रांगोळी आहे, तिथे बसू दे की त्याला आहे तसा. चिंगीचा सगळ्यात चांगला फोटो आमच्याकडे तोच आहे, गुढीच्या पाटाशेजारी, जीभ बाहेर, शेपटी पाठीवर.

(पडद्यावर: जून, पाऊस. चाळीचा जिना. निवेदिकेच्या हातात पिवळा रेनकोट.)

हा तिचा रेनकोट. तीन आठवडे लागले. पहिला आठवडा नुसता जमिनीवर पसरून ठेवला, त्यावर उकडलेल्या चिकनचे तुकडे. मग गळ्याची गोल जागा उघडी धरायची आणि पलीकडून तुकडा दाखवायचा, तिने नाक घातलं की द्यायचा, मागे गेली तर मागे जाऊ द्यायचं. पोटाखालचं इलॅस्टिक शिंपीकाकांनी काढून टाकलं आणि त्या जागी सैल नाडी लावली, काखेत कुठे लागत नाही ना हे त्यांनी स्वतः दोन बोटं घालून बघितलं.

आता मी रेनकोट धरून खाली बसते. बहुतेक दिवशी ती येते आणि डोकं घालते. आज नाही आली, ती बघा, पायरीवर बसून पाऊस बघतेय. मग आज आम्ही जिन्याखालीच उरकून येऊ.