वसईच्या किल्ल्यातली एक चौकट

श्रोतेहो, नमस्कार.

वसईचा किल्ला म्हटलं की चिमाजी अप्पा आठवतात. मे १७३९ मध्ये मराठ्यांनी किती रक्त सांडून हा किल्ला घेतला, ते आपण शाळेत शिकलो आहोत. आज मात्र मी तुम्हाला त्याच किल्ल्यातल्या एका पडक्या चर्चपाशी नेणार आहे. हे जेझुइट या कॅथलिक संघाच्या पाद्र्यांचं चर्च.

वसईला उतरलं की पश्चिमेकडून किल्ल्यापर्यंत रिक्षा मिळते. आत शिरल्यावर ताडाची झाडं, रानगवत आणि मध्येच उभ्या राहिलेल्या उंच भिंती. जेझुइटांच्या चर्चचं छप्पर केव्हाच गेलंय, पण दर्शनी भिंत शाबूत आहे. तिथे जरा थांबा. कमानदार दरवाजा, त्याच्या दोन्ही बाजूंना उभ्या पन्हाळी कोरलेले खांब, आणि वर आय, एच, एस ही अक्षरं. येशूच्या नावाचा हा ग्रीक अक्षरांवरून आलेला संक्षेप, जेझुइटांची खूणच ती. मी खांबावर हात फिरवून पाहिला. चारशे वर्षांचा पाऊस आणि खारा वारा खाऊनही पन्हाळीची कड बोटाला लागते. आपल्याकडच्या पाथरवटांचा हात होता तो! त्याच खांबाशेजारी कुणीतरी खिळ्यानं बदाम कोरून ठेवलाय, तो पाहून पोटात कालवलं.

दगडाचंही सांगायला हवं. जुन्या गोव्यातलं बॉम जेझूस हे चर्च तुम्ही पाहिलं असेल. तेही जेझुइटांचंच, १६०५ मध्ये पूर्ण झालेलं. त्याची भिंत तिथल्या जांभ्या दगडाची. पण दर्शनी भागावरच्या कोरीव कामाचा काळा दगड गेला तो आपल्या वसईहून, गलबतांतून.

सोळाव्या शतकात याच जेझुइटांच्या शाळेत वसईचा एक मुलगा शिकत होता. बाप पोर्तुगीज, आई इथलीच. नाव गोन्सालो गार्सिया. मिसरूड फुटायच्या वयात तो पाद्र्यांबरोबर जपानला गेला, तिथली भाषा शिकला, काही काळ व्यापार केला. पुढे मनिलाला फ्रान्सिस्कन या दुसऱ्या कॅथलिक संघात दाखल होऊन दुभाषा म्हणून पुन्हा जपानला गेला. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीला पंचवीस सोबत्यांसह त्याला क्रुसावर चढवलं. १८६२ मध्ये रोमनं त्याला संत घोषित केलं. वसईच्या कुठल्याही ख्रिस्ती घरात विचारा, त्याची गोष्ट आजी नातवंडांना सांगते.

त्या चौकटीत उभं राहिल्यावर मला हाच पोरगा दिसत होता. ही वास्तू परक्यांची म्हणून आपण तिच्याकडे पाठ फिरवतो, त्याचं मला फार वाईट वाटतं. दगड इथला, राबलेले हात इथले, शिकलेलं पोरही इथलंच.

किल्ला पडला तेव्हा वसईच्या चर्चमधल्या घंटा मराठ्यांनी विजयाची खूण म्हणून देशावर नेल्या आणि देवळांत बांधल्या. त्यातली एक नाशिकला नारोशंकराच्या देवळावर आहे. गोदाकाठी गेलात तर मान वर करून ती घंटा बघा, आणि मग एखाद्या रविवारी, उन्हं चढायच्या आत, वसईला या.

नमस्कार.