वेचाई किलोवर, घर रोजचं

नमस्कार श्रोतेहो, शेतावर राबणाऱ्या मायबहिणींनो.

कापसाच्या पहिल्या वेच्याला बोंडं टपोरी असतात, ओटी भराभर जड होते. फरदडीला, म्हणजे हंगाम सरत आल्यावर त्याच झाडांवर येणाऱ्या शेवटच्या कापसाला, बाई तीच, ऊन तेच, दिवसभराचं वाकणंही तेच; पण बोंड बारीक आणि कापूस विरळ. काट्यावर किलो कमी भरतात आणि वेचाई किलोवर असल्यानं तिची त्या दिवसाची कमाई घटते. तेल, दाळ, पोराची वही यांचा खर्च काही घटत नाही.

मजुरी शेजारच्या गावचा दर पाहून ठरवायची, की घर चालायला काय लागतं ते पाहून? ऑस्ट्रेलियात 1907 साली शेतीची यंत्रं बनवणाऱ्या कारखान्याच्या खटल्यात न्यायमूर्ती हिगिन्स यांनी दुसरी वाट धरली. कामगाराच्या कुटुंबाची गरज मोजून त्यांनी दिवसाला 7 शिलिंग ठरवले. अमेरिकेत बाल्टिमोरमध्ये 1994 साली, लंडनमध्ये 2001 साली लोक घर चालेल एवढ्या मजुरीच्या याच मागणीसाठी उभे राहिले. आपल्या संविधानाचा अनुच्छेद 43 तर निर्वाह वेतनाबाबत, म्हणजे घर नीट चालेल अशा मजुरीबाबत, शेतमजुराचंही नाव घेतो. 1957 च्या भारतीय श्रम परिषदेनं मापही दिलं: मोठ्या माणशी रोज 2700 कॅलरी अन्न, कुटुंबाला वर्षाला 72 वार कापड, घरभाडं, सरपण-दिवाबत्ती. सर्वोच्च न्यायालयानं पुढं त्यात शिक्षण आणि औषधपाणीही धरायला सांगितलं. तरीही 2019 मध्ये केंद्राच्या तज्ज्ञ समितीनं किमान मजुरी रोज 375 रुपये सुचवली, आणि त्याच वर्षी सरकारनं जाहीर केले 178. मला हे अन्यायाचंच वाटतं.

शेतकरी विचारतो, एवढं आणू कुठून? त्याचं म्हणणं खरं आहे. अमेरिकेत न्यू जर्सीतल्या उपाहारगृहांचा 1994 चा अभ्यास सांगतो, की किमान वेतन वाढलं तरी नोकऱ्या घटल्या नाहीत. पण उपाहारगृहवाला आपला दर वाढवू शकतो. कोरडवाहू तीन एकरवाल्याच्या कापसाचा भाव दुसरेच ठरवतात, आणि अनेकदा तोही दुसऱ्याच्या वावरात रोजानं जातो. म्हणून वेचाईचा खरा खर्च हमीभावात धरला पाहिजे आणि त्या भावानं खरेदी वेळेवर झाली पाहिजे.

तोवर गावाला एक गोष्ट करता येते. हंगाम लागण्याआधी ग्रामसभेत शेतकरी आणि मजूर बायांनी एकत्र बसावं, पहिल्या वेच्यांचा किलोचा दर ठरवावा, आणि फरदडीला किलो सोडून रोज धरावा.