चार मीटरच्या आत

(दृश्य : दिवे घाटाचा माथा, सकाळ. उभी गाडी, बाजूनं.)

गाडीचं डिझाइन बघायचं तर असं सकाळच्या तिरप्या उन्हात बघावं. ऊन डोक्यावर आलं की पत्र्याच्या सगळ्या घड्या सपाट दिसतात. आत्ता बघा, मागच्या चाकापाशी येता येता पत्रा बाहेर फुगलाय. ऊन त्या फुगवट्यावर येऊन थांबतं आणि खालचा भाग सावलीत जातो. गाडी उभी आहे, पण पुढे झेपावेल असं वाटतं.

ही टाटा नेक्सॉन. इथून फार लांब नाही, पुणे जिल्ह्यातल्याच रांजणगावात तयार होते.

(दृश्य : बंपरपासून बंपरपर्यंत मोजपट्टी.)

लांबी ३,९९५ मिलिमीटर, म्हणजे चार मीटरला फक्त पाच मिलिमीटर कमी. हा आकडा चित्रकाराच्या टेबलावर ठरला नाही, तो दिल्लीत ठरला. २००६च्या अर्थसंकल्पात छोट्या गाड्यांवरचं उत्पादन शुल्क २४ टक्क्यांवरून १६ टक्क्यांवर आणलं गेलं. छोटी गाडी कुणाला म्हणायचं, तेही तिथेच लिहिलं होतं : लांबी चार मीटरच्या आत, पेट्रोल इंजिन १,२०० सीसीपर्यंत, डिझेल १,५०० सीसीपर्यंत. शुल्क गेलं, जीएसटी आला, तरी चार मीटरची रेघ हलली नाही.

मग प्रत्येक कंपनीनं आपापली वाट काढली. टाटांनीच २००८मध्ये इंडिगोची डिकी छाटून इंडिगो सीएस आणली. फोर्डच्या इकोस्पोर्टनं स्टेपनी मागच्या दारावर टांगली आणि तरीही लांबी ३,९९९मध्ये बसवली. मारुतीच्या ब्रेझानं सरळ चौकोनी ठेवण पत्करली. आणि नेक्सॉननं केलं ते सगळ्यांत अवघड : एवढ्या आखूड गाडीचं छत मागे कूपेसारखं, म्हणजे दोन दारांच्या स्पोर्टी गाडीसारखं, उतरवलं.

२०१४च्या ऑटो एक्स्पोमध्ये ती संकल्पना म्हणून पहिल्यांदा दिसली. प्रताप बोस तेव्हा टाटांच्या डिझाइन विभागाचे प्रमुख होते आणि कंपनीचे स्टुडिओ पुणे, कोव्हेंट्री आणि तुरिन इथे होते. प्रदर्शनातल्या गाड्यांचं देखणेपण कारखान्यात पोचेपर्यंत बरंचसं झडून जातं. इथे तसं झालं नाही. सप्टेंबर २०१७मध्ये गाडी विक्रीला आली तेव्हा छताचा उतार शाबूत होता.

(दृश्य : खालून वर सरकणारा कॅमेरा. काळी कड, दार, काच, छत.)

हे साधलं कसं? लांबी वाढवता येत नाही, म्हणून उंची लपवली. खाली जाड काळं प्लास्टिक दिलं, त्यामुळे रंगवलेला पत्रा अंगानं बारीक दिसतो. काचा मागे मागे निमुळत्या होत जातात. छताला वेगळा रंग दिला की ते शरीरापासून सुटं वाटतं. पहिल्या गाडीत काचांखालून एक पांढरी पट्टी निघून मागपर्यंत जायची. २०२३च्या बदलात ती काढली, आणि मला विचाराल तर बरं केलं. आता पत्र्याची घडीच पुरेशी बोलते.

(दृश्य : समोरून, दिवे लागताना.)

नाकाचं तसं नाही. २०२०मध्ये पादचाऱ्यांच्या सुरक्षेच्या नियमांसाठी बॉनेट उंच झालं. २०२३मध्ये हेडलाइट बंपरमध्ये खाली आले आणि वर नुसती डीआरएलची, म्हणजे दिवसा लागणाऱ्या दिव्यांची, बारीक रेघ उरली. दिसायला रुबाबदार आहे, वाद नाही. पण शहराच्या गर्दीत दुचाकीचं हँडल आणि रिक्षाचा कोपरा नेमका याच उंचीवर घासतो. डिसेंबर २०१८मध्ये ग्लोबल एनकॅप या गाड्यांच्या धडक-चाचण्या घेणाऱ्या संस्थेचे पाच तारे मिळवणारी ही पहिली भारतीय गाडी, हेही सांगायला हवं.

(दृश्य : आत. ड्रायव्हरच्या सीटवरून आरशात.)

आणि छताच्या त्या सुंदर उताराची किंमत इथे मोजावी लागते. मागची काच आरशात चिंचोळी दिसते. रिव्हर्स घेताना भिस्त कॅमेऱ्यावर.

२०१७च्या गाडीत पुढच्या दारात छत्री ठेवायची जागा होती. आपल्याकडचा पावसाळा अनुभवलेल्या माणसानंच ती सुचवली असेल, असं मला ती जागा बघताना नेहमी वाटतं. मधल्या कप्प्याला सरकतं झाकण होतं, जुन्या टेबलाला असायचं तसं.

(दृश्य : डॅशबोर्ड. बोट काळ्या पट्टीवर.)

आताचा डॅशबोर्ड ऐटबाज आहे. सव्वादहा इंची पडदा, दोन दांड्यांचं स्टिअरिंग, मध्ये उजळणारा लोगो. आता हा हात बघा. तापमान आणि पंखा कमीजास्त करायला खरे खटके आहेत, ते बोटाला न बघता सापडतात. शेजारच्या चकचकीत काळ्या पट्टीवर बाकी सगळं नुसतं स्पर्शावर. तिथे बोट चाचपडतं, आणि नजर रस्त्यावरून उतरून खाली येते. पट्टीवर बोटांचे ठसे उठलेत, धूळ बसलीय, ती तिरप्या उन्हात लगेच दिसते.

घाटात समोरून एसटी येते, काच धुक्यानं भरलेली असते, आणि ती साफ करायची हवा नेमकी त्या सपाट पट्टीवर शोधायची. हे मला मान्य नाही. युरोपात अशाच चाचण्या घेणाऱ्या युरो एनकॅपनं २०२६पासून इंडिकेटर, वायपर, हॉर्न अशा मूलभूत गोष्टींना खरी बटणं असली तरच पूर्ण गुण द्यायचं ठरवलं. आपल्याकडे गाडी घेणाऱ्यानंच शोरूममध्ये आग्रह धरायला हवा.

(दृश्य : डिकी उघडते.)

डिकी ३८२ लिटरची, आधी ३५० होती. मागचा वायपर छताच्या मागच्या कडेवरच्या स्पॉइलरखाली दडवलाय, म्हणून काच स्वच्छ, मोकळी दिसते. चार मीटर तेच राहिले, त्यातच ३२ लिटर जास्तीचे काढले. तीच मेहनत आता त्या काळ्या पट्टीवर घ्या. काच साफ करण्यासाठी एक, आतली हवा आतच फिरवण्यासाठी एक, एसी चालू-बंद करण्यासाठी एक : दाबल्यावर खट्ट वाजणारी तीन बटणं द्या.